दुसरी यादी

आमच्या घरात सगळ्यात जास्त ऐकू येणारा आवाज सुपाचा होता. तासगावच्या बाहेर चुलत्यांची बेदाण्याची शेड होती आणि तिला लागून घर. हंगाम सुरू व्हायचा असला तरी शेडच्या पडवीत चार-सहा बायका गेल्या वर्षीचा शीतगृहातून आणलेला माल निवडत बसलेल्या असत. हिरवा दाणा उजवीकडं, पिवळसर डावीकडं, काळा पुढ्यातल्या पाटीत, काड्या जमिनीवर. बायका बोलत, हसत, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत, आणि हात आपलं काम करत राहत. हाताकडं कुणी बघत नसे. माझी आई सगळ्यांत वेगानं निवडायची आणि सगळ्यांत कमी बोलायची. काळा दाणा न बघता कसा कळतो, असं मी तिला लहानपणी विचारलं होतं. ती म्हणाली, "कळत न्हाई गं. हात आपसूक जातूया."

घराला गंधकाचा वास होता. धुरी दिलेल्या मालाचा तो वास कपड्यांना, वह्यांना, भाकरीच्या पिठालाही लागायचा. आम्हाला तो जाणवत नसे, पाहुण्यांना जाणवायचा. सकाळी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. बेदाणा घरात कुणी खात नसे. पाहुणा आला तर शिऱ्यात पडायचा, तेवढाच.

वडील लष्करात गाडी चालवायचे. डोंगरात गाडी दरीत गेली, एवढंच आलेल्या पत्रात होतं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. त्यानंतर आई आणि मी धाकट्या चुलत्यांच्या घरातच राहिलो. चुलते आणि काकू चांगली माणसं होती. आईला कुणी कधी वेडंवाकडं बोललं नाही, ताटात कधी कमी पडलं नाही, माझं शिक्षण कुणी अडवलं नाही. या गोष्टी आधी नोंदवून ठेवते, कारण पुढचं वाचताना कुणाला वेगळं वाटू शकेल.

संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. तिळगूळ आई करायची, सुगडी आई भरायची, सतरंजीही तीच घालायची. उंबऱ्यावर पहिल्या बाईच्या बांगड्या वाजल्या की ती मागच्या दारानं शेडमध्ये जायची आणि सूप हातात घ्यायची. पुढच्या घरात हशा चालू असायचा आणि मागं सुपाचा आवाज. शेवटची बाई गेली की आई परत येऊन वाट्या विसळायची. तिला जा असं कुणी सांगत नसे. थांब असंही कुणी म्हणत नसे. या व्यवस्थेला आमच्या घरात नाव नव्हतं, त्यामुळं तिच्यावर बोलणंही कधी झालं नाही.

मी सांगलीला इंजिनिअरिंगला गेले आणि वसतिगृहात राहू लागले. कॉलेजात कॉम्प्युटरची खोली एकच होती. तिला वातानुकूलन होतं, खिडक्यांना जाड पडदे होते आणि दारात चपलांचा ढीग असायचा. धूळ आत जाऊ नये म्हणून सगळ्यांनी अनवाणी आत जायचं. विभागप्रमुख सरही मोज्यांवर फिरायचे. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिला काहीच नवल वाटलं नाही. "देवाच्या खोलीत चपला कोण नेतंय," ती म्हणाली.

शेवटच्या वर्षी आमच्या विभागानं संगणक क्षेत्रातल्या महिलांसाठी दोन दिवसांची परिषद ठरवली. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या कॉलेजांतल्या मुली आणि प्राध्यापिका, बँकांत नव्यानं कॉम्प्युटरवर बसवलेल्या कारकून बायका, टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या काहीजणी, अशा सगळ्या येणार होत्या. प्रमुख पाहुण्या पुण्याच्या. त्यांनी संगणकशास्त्रात डॉक्टरेट केली होती. सरांनी मला नोंदणीचा प्रोग्राम लिहायला सांगितलं. आलेल्या अर्जांतली नावं मशीनमध्ये भरायची, त्यावरून याद्या काढायच्या, छातीवर लावायचे बिल्ले देवनागरीत छापायचे, आणि पहिल्या दिवशी स्टेजवर हाच प्रोग्राम सगळ्यांना चालवून दाखवायचा. मुलीनं लिहिलेला, मराठीतून चालणारा प्रोग्राम म्हणून सरांना त्याचं अप्रूप होतं. मलाही होतं.

नावाआधी काय छापायचं यासाठी मी तीन आकडे ठरवले. एक म्हणजे कु., दोन म्हणजे सौ., तीन म्हणजे श्रीमती. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नपत्रिकांवर मी हे तीनच शब्द बघत आले होते. श्रीमतीचा अर्थ शब्दकोशात काहीही असो, आमच्या भागात पाकिटावर श्रीमती लिहिलेलं दिसलं की त्या घरी काय झालंय ते पोस्टमनलाही कळायचं. पुढं मी वर्तमानपत्रात तीस वर्षं काम केलं. बातमीतल्या बाईच्या नावाआधीचे सौ. आणि श्रीमती मी रोज खोडत आले. नव्या उपसंपादकांना वाटायचं, हा माझा शैलीचा आग्रह आहे.

परिषदेच्या दहा दिवस आधी मी घरी गेले. आईला घेऊन यायचं असं मी ठरवलं होतं. मला स्टेजवर कधीच कुणी बघितलं नव्हतं आणि ते तिनं बघावं अशी माझी इच्छा होती. ती पडवीत बसली होती. काकू शेजारी पाट्या लावत होती.

"आन मी काय करू तिथं?" आई म्हणाली.

"बसायचं आणि बघायचं. पुण्याहून एक डॉक्टर येणार आहेत."

"सुई टोचणाऱ्या?"

"नाही गं, कॉम्प्युटरच्या डॉक्टर."

"मशीन आजारी पडलंय व्हय तुमचं?" काकू म्हणाली आणि पडवीतल्या सगळ्या बायका हसल्या. आईही हसली. मग तिनं विचारलं, "समद्या बायकाच असणार?"

"सगळ्या बायका."

तिचं हसू गेलं. "मग नगं," ती म्हणाली. "बायका जमल्या की त्यांचं काय काय असतंय."

ती काय म्हणते आहे ते मला कळलं. काकूलाही कळलं असावं, कारण ती पाट्यांकडं वळली. मी म्हटलं, "आई, तिथं तसलं काही नसतं. ती कॉम्प्युटरची परिषद आहे." मी हे ठामपणे म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

"जा की अक्का," काकू म्हणाली. "पोरगी एवढी बोलवाया आलीया. घर काय पळून जात न्हाई."

आईनं सूप दोनदा झटकलं. "तू म्हणतीस तर येती," ती मला म्हणाली. "तू म्हणतीस म्हणून."

वसतिगृहात परतल्यावर मी तिचा अर्ज स्वतः भरला आणि मशीनमध्ये नोंद केली. आडनाव, नाव इंदुमती, मधलं नाव वडिलांचं. नावाआधी काय, असा प्रश्न पडद्यावर आला. मी तीन दाबलं. बोट थांबलं नाही. एवढंच सांगता येतं.

पुण्याच्या बाईंच्या अर्जाशी माझं भांडण झालं. त्यांनी त्या चौकटीत डॉ. लिहिलं होतं आणि माझ्या प्रोग्रामला डॉ. माहीत नव्हतं. एक, दोन, तीन सोडून काहीही टाकलं की मशीन टूं असा आवाज करून चौकट पुसायचं. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांचे मिस्टर वारलेत मागं. तीन टाक."

परिषदेच्या दोन दिवस आधी उपप्राचार्यांच्या पत्नी कॉम्प्युटरच्या खोलीत आल्या. त्यांना सगळेच वहिनी म्हणत. स्वागत समिती त्यांच्याकडं होती. दारात चपला काढून, पदर सावरून त्या माझ्याजवळ उभ्या राहिल्या. शेजारी माझी खोलीतली मैत्रीण, मिरजेची नसीम, बिल्ले कापत बसली होती.

"हे बघ," वहिनी म्हणाल्या, "रथसप्तमी अजून व्हायची आहे. एवढ्या बायका आपल्या दारात येणार आणि हळदीकुंकू नाही म्हणजे बरं दिसत नाही. बोलावलं आणि कोरडंच बसवलं म्हणतील. दारातच कुंकू लावू, नारळ देऊ. मला एवढंच सांग, कुंकवाला किती धरू? नारळ सांगायचेत."

मी एक ओळ लिहिली. नावाआधी तीन असेल तर सोड, नसेल तर मोज. आकडा आला. वहिनींनी गालाला हात लावला. "अगं बाई! मला वह्या घेऊन दोन दिवस बसावं लागलं असतं. आणि राहिलेल्या?"

राहिलेल्यांची यादी मी प्रिंटरवर काढून दिली. सात नावं होती. प्रिंटर करकर करत एकेक ओळ सोडत होता आणि मी कागद फाडायच्या आधी ती नावं तपासली. सहावं नाव आईचं होतं. इंदुमतीतला पहिला इ ऱ्हस्व आणि शेवटची ती दीर्घ आली आहे की नाही ते मी पाहिलं. बरोबर आली होती. मी शुद्धलेखन तपासलं, नाव वाचलं नाही. आठ दिवसांपूर्वी पडवीत काय बोलले होते ते मला आठवलं नाही. पुढं बातमीदारीत मी अनेक माणसांना विचारलं की तुम्हाला त्या क्षणी काहीच कसं वाटलं नाही, आणि ती माणसं गप्प बसली की मी वहीत 'उत्तर दिलं नाही' असं लिहायचे. मला उत्तर माहीत होतं. काहीच वाटत नाही.

"यांना फूल देऊ," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको."

परिषदेच्या दिवशी आई सकाळच्या एसटीनं आली. धुतलेलं, फिकट निळं लुगडं, हातात पिशवी. पिशवीत निवडलेल्या हिरव्या बेदाण्याची पुडी होती. "कुणाला तरी द्यायला पायजे की, मोकळ्या हातानं कसं यायचं," ती म्हणाली. मी स्टेजवर मशीन जोडत होते, म्हणून तिला दारात आणायला गेले नाही. मी तिला स्टेजवरून पाहिलं. सभागृहाचं दार सताड उघडं होतं. दारात टेबल, टेबलापाशी नसीम दोन कागद घेऊन, आणि तिच्या पलीकडं वहिनी चांदीचं तबक घेऊन. नाव सांगायचं, नसीम यादीत बघायची. पहिल्या यादीत असेल तर ती "हं" म्हणायची आणि वहिनी कुंकू लावून नारळ द्यायच्या. दुसऱ्या यादीत असेल तर नसीम म्हणायची, "फूल," आणि शेजारची मुलगी गुलाब पुढं करायची. रांग भराभर पुढं सरकत होती.

आईनं नाव सांगितलं. नसीमनं पहिल्या कागदावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या कागदावरून, आणि मग ती थांबली. आडनाव माझं होतं. तिनं मान वर करून स्टेजकडं, माझ्याकडं पाहिलं. मी हातात केबल धरून उभी होते. तेवढ्यात मागच्या बाईनं विचारलं, "काय झालं, नाव नाही का?" नसीम म्हणाली, "आहे. फूल."

आईनं फूल घेतलं. बिल्ला घेतला. मग ती दाराबाहेर गेली, आणि मला वाटलं ती परत चालली. ती चपला काढून ठेवायला गेली होती. स्टेजवर कॉम्प्युटर दिसत होता ना. शंभरभर बायका चपला-बूट घालून बसल्या होत्या आणि ती अनवाणी आत येऊन पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली. तिनं मला पाहून हात केला. फूल त्याच हातात होतं.

मला लाज वाटत होती असं म्हणणं सोयीचं आहे, पण ते खरं नाही. लाज नंतर आली. तेव्हा फक्त धक्का होता. पडवीतलं माझं वाक्य आणि ती सात नावांची यादी माझ्या डोक्यात पहिल्यांदा एका जागी आली. दोन्ही माझीच होती.

पुण्याच्या बाई प्राचार्यांबरोबर गाडीनं आल्या आणि बाजूच्या दारानं आत आल्या. साधी सुती साडी, चष्मा, कपाळ मोकळं. बिल्ला घ्यायला त्या स्वतः टेबलापाशी गेल्या. मीही तोपर्यंत खाली आले होते. त्यांनी बिल्ला वाचला.

"माझी डॉक्टरी कुठं गेली?"

"तिला कोड नाही मॅडम," नसीम म्हणाली आणि जीभ चावली.

बाई हसल्या. मग त्यांनी टेबलावरचे दोन कागद उचलले. दोन्ही वाचले. दुसरा वाचायला वेळ लागायचं कारण नव्हतं, सातच नावं होती, पण त्यांनी वेळ घेतला.

"प्रोग्राम कुणी लिहिला?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता. "चांगला लिहिलायस," त्या म्हणाल्या. "एकही चूक नाही." आणि त्या स्टेजकडं गेल्या.

त्यांचं भाषण मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. एक तुकडा पक्का आहे. त्या म्हणाल्या की कॉम्प्युटर हा शब्द आधी यंत्रासाठी नव्हता, माणसासाठी होता. बसून आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत, आणि ते काम करणारी माणसं पुष्कळदा बायका असत. सांगितलेला नियम घ्यायचा, आलेल्या आकड्याला लावायचा, पुढं द्यायचा. नियम कुणी केला ते विचारायचं त्यांचं काम नव्हतं. सभागृहात कुजबुज झाली. नसीम माझ्या कानात म्हणाली, "म्हणजे आज सकाळी दारात मी कॉम्प्युटर होते की गं." एरवी मी हसले असते.

मग माझं नाव पुकारलं. मी प्रोग्राम दाखवला. नाव शोधून दाखवलं, गावांप्रमाणं यादी लावून दाखवली. मोठा पडदा नव्हता, त्यामुळं पुढच्या दोन रांगांनाच दिसत होतं, बाकीच्यांना सर माईकवर सांगत होते. सगळं संपलं असं मला वाटलं तेव्हा पहिल्या रांगेतून वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, ते कुंकवाचं दाखव की. चुटकीसरशी मोजलंस ते!"

मी नाही म्हणू शकले असते. मशीन अडलं म्हणू शकले असते, ते नेहमीच अडायचं. मी की दाबली. आकडा आला. सरांनी तो माईकवर वाचला, आणि टाळ्या पडल्या. मी पाचव्या रांगेकडं पाहिलं. आई फूल मांडीवर ठेवून टाळ्या वाजवत होती.

जेवणाच्या वेळी पुण्याच्या बाई ताट घेऊन आईच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी तिला काय काम करता विचारलं. आईनं सांगितलं. बाईंना त्यात खरंच रस होता. "काळा दाणा ओळखता कसा?" त्यांनी विचारलं, आणि आईनं मला दिलं होतं तेच उत्तर त्यांना दिलं: "वळखत न्हाई. हात आपसूक जातूया." बाईंनी तो शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिला. दोघींचं बरंच बोलणं झालं. मी वाढत होते, त्यामुळं सगळं ऐकलं नाही.

दुपारी मी आईला एसटी स्टँडवर सोडायला गेले. तासगावच्या गाडीला वेळ होता. आम्ही भडंग घेतलं आणि बाकावर बसलो. मी म्हटलं, "आई, मी तुला म्हटलं होतं तिथं तसलं काही नसतं."

"तुला काय ठावं हुतं," ती म्हणाली. "मशीननं केलं ते."

मी भडंगाचा कागद तिच्यापुढं सरकवला.

"आन खरं सांगू? तुझ्या मशीनचं एक बरं हाय. आपल्यात बाया आधी तोंडाकडं बघत्यात. मग कपाळाकडं. मग तबकातला हात मागं घेत्यात. तेवढं बघणं सोसाया लागतंय. हितं कुणी बघितलंच न्हाई. नाव वाचलं, फूल दिलं. लय बरं वाटलं मला." तिनं भडंगातला शेंगदाणा माझ्या हातावर ठेवला. "त्या पुण्याच्या बाईस्नी हे दे," ती म्हणाली आणि बेदाण्याची पुडी माझ्याकडं दिली. "त्यास्नीबी फूलच दिलं आसंल की. इचारलं न्हाई मी."

गाडी गेल्यावर मी किती वेळ स्टँडवर बसले होते ते सांगता येत नाही. बाहेर हळदीची पोती भरलेला एक ट्रक उभा होता आणि हमाल पिवळे झालेले हात नळावर धूत होते, एवढं आठवतं. ज्या गोष्टीनं मला धक्का बसला होता तिचाच आईला आधार वाटला होता. त्याला काय म्हणायचं ते मला तेव्हा कळलं नाही. आजही मी त्यावर एक ओळ लिहिते आणि खोडते.

संध्याकाळ व्हायच्या आत मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. ती ओळ शोधली आणि पुसली. नुसती ओळ पुसून समाधान झालं नाही, म्हणून नावाआधीची चौकटच काढून टाकली. एक, दोन, तीन सगळे गेले. राहिली ती नुसती नावं, अक्षरांच्या क्रमानं. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समारोप होता. वहिनी यादी मागायला आल्या. निरोपाचं कुंकू आणि तिळगूळ द्यायचा होता. मी नवा कागद दिला. त्यांनी तो उलटसुलट केला.

"यात कळत नाही गं कुणाला लावायचं ते."

"नाही कळत," मी म्हटलं.

"बिघडलं का?"

"हो. बिघडलं."

त्या वैतागल्या नाहीत. त्यांना दहा कामं होती. त्यांनी तबक माझ्या हातात दिलं. "मग तूच लाव बाई. अर्ज तूच भरलेस, कोण कोण आहे ते तुझ्या डोक्यात असणारच. माझ्यापेक्षा तुला बरं ठाऊक."

दुसऱ्या यादीतल्या सात जणींपैकी पाच त्या दिवशी आल्याच नव्हत्या. त्यात आई एक. एक बँकेतल्या बाई होत्या, त्या तबक दिसताच पाणी प्यायला बाहेर गेल्या. पुण्याच्या बाई पहिल्या रांगेत बसून होत्या. मी रांगेच्या डावीकडून सुरुवात केली. उजव्या हाताचं बोट कुंकवात, मग कपाळ, मग तिळगुळाची वडी. बायका मान थोडी पुढं करत, काहीतरी बोलत, "स्टेजवर छान बोललीस गं," म्हणत. मी हो म्हणत होते. काय करायचं ते मी आधीच ठरवलं होतं. पुण्याच्या बाईंपाशी गेलं की त्यांना कुंकू लावायचं. त्या नको म्हणाल्या तर थांबायचं, पण विचारायचं तरी. वहिनींनी तबक दिलं तेव्हाच मी हे ठरवलं होतं, आणि त्यात मला थोडा अभिमानही वाटत होता.

माझं बोट एका कपाळाला टेकलं. त्या बाईंच्या नाकात मोत्याची चमकी होती. त्या मिरजेच्या प्राध्यापिका होत्या, आणि त्या पुण्याच्या बाईंच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. म्हणजे मी पुढं आले होते. मधली एक खुर्ची ओलांडून.

मी वळून पाहिलं. पुण्याच्या बाई माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनी मान पुढं केली असावी, कारण ती त्या सावकाश मागं घेत होत्या. आजूबाजूच्या कुणाच्या लक्षात काही आलं नव्हतं.

"आपसूक गेला," त्या हळूच म्हणाल्या. "हो ना?"

मी परत मागं गेले नाही. कुंकू लावलं नाही, क्षमा मागितली नाही. रांगेतली पुढची बाई मान पुढं करून वाट बघत होती, आणि मी तिला कुंकू लावलं. मग तिच्या पुढचीला. रांग संपेपर्यंत मी हेच केलं. पुढं या प्रसंगाच्या मी अनेक आवृत्त्या लोकांना सांगितल्या आहेत. काहींत मी परत जाते. त्या खोट्या आहेत.

रविवारी घरी गेले. आई पडवीत होती, बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिचं सूप चालू होतं.

"बेदाणा दिलास का त्या बाईस्नी?"

मी पिशवीतून पुडी काढून तिच्यापुढं ठेवली.

"घेतला न्हाई त्यांनी?"

"मी दिला नाही."

"का गं?" हिरवा दाणा उजवीकडं गेला, काळा पाटीत पडला. "दुसऱ्या दिवशीबी फूलच दिलं व्हय त्यास्नी? मशीननं?"

"मशीन बंद होतं आई."

"मग? कुणी चुकवलं त्यास्नी?"

"मी," मी म्हटलं. "तबक माझ्या हातात होतं."

सुपाचा आवाज थांबला. वडिलांच्या अपघाताचं पत्र आलं तेव्हा आई कशी दिसली होती ते मला आठवत नाही, मी लहान होते. त्या दिवशी कशी दिसली ते आठवतं. तिचा हात सुपातल्या दाण्यांवर तसाच राहिला. तिनं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं.

"तू?" ती म्हणाली.